मेणातला तुकडा जपून ठेवा: मूत्रमार्गाच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मूत्ररोग शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ आणि माझे पॅथॉलॉजिस्ट सहकारी यांस

विषय: मूत्राशय व मूत्रमार्गाच्या कर्करोगातील जनुकीय चाचण्या आणि त्यांसाठी लागणारा बायोप्सीचा ब्लॉक

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या मे महिन्यात एक तरुणी माझ्या प्रयोगशाळेत आली. तिच्या वडिलांनी तीस वर्षे एसटी चालवली होती आणि त्याहून अधिक वर्षे विडी ओढली होती. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले, दुर्बिणीतून मूत्राशयातली गाठ काढली गेली, आणि त्या गाठीचे तुकडे तपासून रिपोर्टवर सही केली होती ती मीच. आता आजार फुप्फुसापर्यंत पोहोचला होता. केमो झाली होती, नातेवाइकांकडून हातउसने पैसे घेऊन इम्युनोथेरपीही झाली होती, आणि मोठ्या शहरातल्या कर्करोगतज्ज्ञांनी तिला चिठ्ठी दिली होती की जुन्या बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला गाठीचा तुकडा, आणावा, एफजीएफआर जनुकाची चाचणी करायची आहे. "मॅडम, बाबांचा तुकडा तुमच्याकडेच आहे ना?" एवढेच तिने विचारले.

रजिस्टरप्रमाणे तिच्या वडिलांचे तीन ब्लॉक होते. ते आम्ही माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली, पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवले होते. पॅराफिन मेण छप्पन ते साठ अंशांच्या आसपास वितळते. मराठवाड्यातल्या दोन उन्हाळ्यांत पत्र्याखालचे ते मेण वितळले नव्हते, पण इतके मऊ झाले होते की शेजारशेजारचे ब्लॉक एकमेकांना चिकटले होते आणि काही कॅसेटवरचे पेन्सिलीचे आकडे वाचता येत नव्हते. दिवसभर शोधून दोन ब्लॉक सापडले. ज्यात गाठ स्नायूत घुसलेली सर्वांत स्पष्ट दिसत होती आणि गाठीच्या पेशीही भरपूर होत्या, तो तिसरा ब्लॉक शेवटपर्यंत मिळाला नाही. सापडलेल्या दोन ब्लॉकमधली ऊती विजेच्या तारेने बरीच करपलेली होती. तीन आठवड्यांनी उत्तर आले की चाचणीसाठी पुरेसा डीएनए नाही. फुप्फुसातून नव्याने तुकडा घेण्याइतकी त्यांची ताकद तोवर उरली नव्हती. पावसाळा संपायच्या आत ते गेले.

त्यांच्या गाठीत एफजीएफआरचे उत्परिवर्तन, म्हणजे त्या जनुकातला बदल, असण्याची शक्यता साधारण पाचात एक होती, आणि ते सापडले असते तरी औषध मिळवणे व परवडणे हा पुढचा डोंगर होताच, हे मला ठाऊक आहे. तरीही ज्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचा त्यांना हक्क होता तो प्रश्न विचारण्याची सोयच राहिली नाही, आणि ती माझ्या प्रयोगशाळेच्या निष्काळजीपणामुळे राहिली नाही. हा दोष मान्य करूनच मी आपल्याशी बोलत आहे, कारण गेल्या वर्षभरात इतर सहकाऱ्यांशी बोलताना मला कळले की असे माळे आमच्याकडेच आहेत असे मुळीच नाही.

आपण सारे ज्या काळात शिकलो त्या काळात मूत्राशयाच्या गाठीच्या रिपोर्टकडून शल्यचिकित्सकाला दोन-तीनच गोष्टी हव्या असत. गाठ कमी प्रतीची की उच्च प्रतीची (म्हणजे कमी आक्रमक की जास्त), ती स्नायूत शिरली आहे की नाही, आणि तुकड्यात स्नायू आला आहे की नाही. काच रंगवून झाली, रिपोर्ट गेला, की ब्लॉक ही उरलेली वस्तू होती. आज ती उरलेली वस्तू राहिलेली नाही, कारण रुग्णाला दोन वर्षांनी कोणते औषध लागू पडेल याचे उत्तर कदाचित त्याच मेणात आहे. आपल्या सवयी मात्र जुन्याच राहिल्या आहेत.

एफजीएफआर गटातल्या एफजीएफआर३ या जनुकाचे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर घेते, कारण आपल्या आजारात जनुकावरून औषध ठरवण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण तेच आहे. या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असते आणि बाहेरून वाढीचा निरोप आला की दोन-दोन रेणू एकत्र येऊन तो आत पोहोचवतात. मूत्राशयाच्या कर्करोगात सर्वाधिक आढळणाऱ्या बदलात या प्रथिनाच्या २४९व्या जागेवरच्या सेरीनऐवजी सिस्टीन येते. सिस्टीनमध्ये गंधक असते. शेजारच्या रेणूतल्या तशाच सिस्टीनशी त्याचा बंध जुळतो, दोन्ही रेणू कायमचे एकमेकांत अडकतात, आणि निरोप आला नसतानाही वाढीची आज्ञा आत जातच राहते. एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीने दाराची कडी उघडीच राहावी, असा हा प्रकार आहे. स्नायूत न शिरलेल्या, कमी प्रतीच्या गाठींत हे जनुक बदललेले असणे फार सामान्य आहे. पसरलेल्या आजारात ते प्रमाण साधारण पंधरा ते वीस टक्क्यांवर येते, आणि मूत्रवाहिनी किंवा मूत्रपिंडाच्या द्रोणीतल्या गाठींत पुन्हा जास्त असते.

ही उघडी कडी लावणारी गोळी म्हणजे एर्डाफिटिनिब. ९९ रुग्णांच्या एका अभ्यासात चाळीस टक्के रुग्णांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, आणि त्या आधारावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९मध्ये तिला सशर्त मान्यता दिली. पुढे थॉर या औषधचाचणीत २६६ रुग्णांमध्ये तिची केमोथेरपीशी तुलना झाली. ज्यांना इम्युनोथेरपी आधी दिली गेली होती आणि ज्यांच्या गाठीत एफजीएफआरचा बदल होता, अशा या रुग्णांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक काळ जगले तो काळ) केमोवर ७.८ महिने तर या गोळीवर १२.१ महिने भरले. जानेवारी २०२४मध्ये मिळालेली पूर्ण मान्यता एफजीएफआर३पुरतीच होती. याच चाचणीच्या दुसऱ्या गटात, ज्यांनी अजून इम्युनोथेरपी घेतलेली नव्हती अशा रुग्णांत, ही गोळी पेंब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधापेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे जनुकात बदल असणे पुरेसे नाही, औषध कितव्या क्रमाला द्यायचे तेही महत्त्वाचे आहे, आणि हे रुग्णाला सांगण्याची जबाबदारी आपली आहे.

चार महिन्यांचा फरक म्हणजे कितीसा, असे मला एका सहकाऱ्याने विचारले. लातूरच्या किंवा परभणीच्या घरात चार महिन्यांत एका मुलीचे लग्न होते, जमिनीचे कागद होतात, नातवाचे बारसे होते. आणि मध्यकाच्या पलीकडेही माणसे असतात. पण त्यासोबत हेही सांगायला हवे की या गोळीने रक्तातले फॉस्फेट वाढते, तोंड येते, नखे सुटतात, आणि डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचून नजर अंधुक होऊ शकते, म्हणून सुरुवातीचे चार महिने दर महिन्याला नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी लागते. तालुक्याच्या गावातून दर महिन्याला नेत्रतज्ज्ञांकडे आणि रक्ततपासणीला कोण नेणार, हे विचारल्याशिवाय गोळी लिहून देणे मला योग्य वाटत नाही.

सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाची कहाणी निराळी आहे, आणि मला तिच्यातून अधिक शिकण्यासारखे वाटते. मूत्राशय काढण्याआधी सिसप्लॅटिनवर आधारलेली केमो दिली की काही रुग्णांच्या काढलेल्या मूत्राशयात मला सूक्ष्मदर्शकाखाली गाठीची एकही पेशी सापडत नाही, आणि काहींच्या गाठीवर तिचा ओरखडाही उमटलेला नसतो. हा फरक कशाने पडतो? सिसप्लॅटिन डीएनएच्या धाग्यांना आडवे टाके घालते. निरोगी पेशी ते टाके उसवून धागा दुरुस्त करते, आणि त्यासाठी धागा उलगडून देण्याचे काम ईआरसीसी२ जनुकापासून बनणारे प्रथिन करते. ते बिघडलेले असेल तर दुरुस्ती थांबते आणि पेशी मरते. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तम प्रतिसाद दिलेले पंचवीस आणि प्रतिसाद न दिलेले पंचवीस रुग्ण समोरासमोर ठेवले गेले; ईआरसीसी२ची उत्परिवर्तने प्रतिसाद देणाऱ्यांपैकी नऊ जणांत होती, न देणाऱ्यांत एकातही नव्हती. हे वाचले तेव्हा मी हरखून गेले होते.

पण मग एक धाडसी प्रश्न विचारला गेला: अशी उत्परिवर्तने असतील आणि केमोनंतर गाठ दिसत नसेल, तर मूत्राशय काढायचेच नाही, असे करता येईल का? आपल्या रुग्णांसाठी हा प्रश्न किती मोठा आहे ते मी आपल्याला सांगायला नको. पोटावर पिशवी लावावी लागेल या भीतीने शस्त्रक्रिया टाळत राहिलेले कितीतरी पुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत. ईआरसीसी२, एटीएम, एफएएनसीसी आणि आरबी१ या चार जनुकांवर बेतलेल्या रिटेन चाचणीत हे करून पाहिले गेले. काही रुग्णांचे मूत्राशय वाचलेही, परंतु दोन वर्षे आजार पसरू न देण्याची आधी ठरवलेली पातळी त्या चाचणीला गाठता आली नाही, आणि मूत्राशयात पुन्हा गाठ येण्याचे प्रमाणही थोडे नव्हते. म्हणून आज कुणी रुग्णाला केवळ जनुकांच्या रिपोर्टवरून "मूत्राशय काढायची गरज नाही" असे सांगत असेल, तर त्यांनी थांबावे अशी माझी हात जोडून विनंती आहे. हे ज्ञान उद्या पिकेल, पण आज ते कच्चे आहे.

पीडी-एल१च्या रंगचाचणीबद्दल थोडक्यात सांगते. इम्युनोथेरपी कुणाला द्यावी हे ठरवण्यासाठी गाठीतले हे प्रथिन रंगवून पाहतात. वेगवेगळ्या औषधांसाठी वेगवेगळी रसायने, वेगवेगळे कटऑफ, आणि एकाच गाठीचे दोन निकाल, हे मी स्वतः अनुभवले आहे. आपल्या आजारात तिच्या भरवशावर एखाद्याला औषध नाकारणे मला धोक्याचे वाटते. एन्फोर्टुमॅब वेडोटिन (प्रतिपिंडाला केमोचे औषध जोडून केलेले इंजेक्शन) आणि पेंब्रोलिझुमॅब या जोडीने ईव्ही-३०२ चाचणीत ८८६ रुग्णांमध्ये मध्यक आयुर्मान १६.१ महिन्यांवरून ३१.५ महिन्यांवर नेले. ही या आजारातली फार मोठी झेप आहे, आणि तिच्यासाठी कोणतीही निवडचाचणी लागत नाही. सर्वांत मोठा लाभ कुठल्याही जनुकचाचणीविना मिळतो आहे, हे जनुकांविषयी एवढे लिहिणाऱ्या माझ्यासारखीने स्पष्ट सांगितले पाहिजे. २०१७मध्ये कॅन्सर जीनोम अॅटलास या अमेरिकी प्रकल्पाने मूत्राशयाच्या ४१२ गाठी उलगडून पाच उपप्रकार मांडले. शास्त्र म्हणून ते सुंदर आहे, पण त्यावरून रोजचे औषध अजून ठरत नाही.

रक्तातल्या कर्करोगाच्या डीएनएबद्दल मात्र मला खरी आशा वाटते. शस्त्रक्रियेनंतर सरसकट सर्व रुग्णांना अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध देऊन पाहणारी आयएमव्हिगर०१० ही चाचणी अपयशी ठरली होती. नंतर जपून ठेवलेले रक्त तपासल्यावर दिसले की ज्यांच्या रक्तात गाठीचा डीएनए फिरत होता, त्यांना फायदा झालेला दिसतो. मग आयएमव्हिगर०११मध्ये हाच प्रश्न रीतसर विचारला गेला. मूत्राशय काढल्यावर वर्षभर ठरावीक अंतराने रक्त तपासले, आणि डीएनए सापडला अशा २५० रुग्णांनाच औषध किंवा निष्प्रभ सलाईन दिले. २०२५मध्ये आलेल्या निकालात मध्यक आयुर्मान २१.१ वरून ३२.८ महिन्यांवर गेले. ज्यांच्या रक्तात डीएनए सापडलाच नाही त्यांना औषध दिले नाही, आणि त्यांतले बहुसंख्य दोन वर्षांनंतरही आजारमुक्त होते. महागडे औषध कुणाला देऊ नये हे कळणे आपल्यासारख्या राज्यात केवढ्या मोलाचे आहे! आता माझ्या विषयाकडे पाहा: त्या रक्तचाचणीत काय शोधायचे हे ठरवण्यासाठी आधी त्या रुग्णाच्या गाठीतलीच उत्परिवर्तने वाचावी लागतात. रक्ताच्या चाचणीचा उगमही त्याच मेणाच्या ब्लॉकमध्ये आहे.

म्हणून मी प्रथम शल्यचिकित्सकांना विनवते. दुर्बिणीतून गाठ काढताना विजेच्या तारेने कडेच्या ऊती जळतात हे अटळ आहे, पण शक्य असेल तिथे एक-दोन तुकडे चिमट्याने, वीज न वापरता घ्या आणि ते वेगळ्या डबीत पाठवा. तळचा स्नायू वेगळ्या डबीत पाठवा. डबी रुंद तोंडाची असू द्या. आमच्याकडे आजही तुकडे गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत येतात, सलाईनमध्ये येतात, एकदा तर सर्जिकल स्पिरिटमध्ये आले होते. ऊती टिकवणारे दहा टक्क्यांचे बफर केलेले (आम्ल होऊ न देणारे) फॉर्मलिन तुकड्याच्या दहापट असावे, आणि तुकडा त्यात कधी टाकला ती वेळ डबीवर लिहावी. फॉर्मलिन जुने, बफर नसलेले असेल तर ते आम्ल होते आणि डीएनएचे तुकडे पाडते. तुकडा शनिवारी टाकून सोमवारच्या सुट्टीनंतर मंगळवारी रात्री प्रयोगशाळेत पोहोचला तर बहात्तर तास उलटून गेलेले असतात. अशा ऊतीतून कधी काहीच वाचता येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी कधी फॉर्मलिननेच केलेले बदल खऱ्या उत्परिवर्तनासारखे दिसतात. एफजीएफआर३चा दुसऱ्या जनुकाशी झालेला जोड शोधायला तर बहुधा आरएनए लागते, आणि ते डीएनएपेक्षाही लवकर नासते. शल्यगृहातल्या ज्या मावशी किंवा वॉर्डबॉय ती डबी भरतात, त्यांना हे एकदा समजावून सांगा. त्यांना कारण कळले की त्या चुकत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

पॅथॉलॉजिस्ट बंधुभगिनींनो, आपले काम त्यापुढचे. कोणत्या ब्लॉकमध्ये गाठीच्या जिवंत पेशी सर्वाधिक आहेत आणि अंदाजे किती टक्के आहेत, ही एक ओळ रिपोर्टच्या शेवटी लिहायला अर्धे मिनिट लागते. दोन वर्षांनी परगावच्या प्रयोगशाळेला त्या एका ओळीमुळे योग्य ब्लॉक उचलता येतो. तपासणीसाठी काप घेताना सबंध ब्लॉक संपवू नका. हाडात पसरलेल्या आजाराचा तुकडा आला तर तो आम्लात मऊ करू नका, हाडातले कॅल्शियम हळूहळू काढणारे ईडीटीए हे रसायन वापरा. वेळ लागतो, पण आम्लाने डीएनए जातो. ब्लॉक थंड, कोरड्या खोलीत ठेवा. आणि नातेवाईक ब्लॉक मागायला आले की चार दिवस फेऱ्या मारायला लावू नका. आम्ही आता एक छापील पावती करतो: ब्लॉक क्रमांक, कुणाला दिला, परत कधी येणार, आणि खाली एक सूचना, की ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडाच्या द्रोणीतल्या गाठींबाबत मला एक स्वतंत्र गोष्ट सांगायची आहे, कारण तिथे आपण एका माणसाऐवजी एक घर वाचवू शकतो. लिंच सिंड्रोम या आनुवंशिक दोषात आतडे आणि गर्भाशयाच्या खालोखाल कर्करोग होतो तो याच जागी. काही वर्षांपूर्वी अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका बाईंची मूत्रवाहिनी मूत्रपिंडासह काढलेली माझ्याकडे आली. फॉर्मवर वय आणि लिंग याखेरीज काही नव्हते. वय कमी म्हणून मी फोन केला, तेव्हा त्यांच्या यजमानांनी सांगितले की बाईंच्या आईला गर्भाशयाचा आणि थोरल्या भावाला आतड्याचा कर्करोग झाला होता. हे त्यांना कुणी विचारलेच नव्हते. डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या चार प्रथिनांचे रंग मी केले. एमएलएच१ आणि पीएमएस२ नीट उमटले, एमएसएच२ आणि एमएसएच६ अजिबात उमटले नाहीत. शेजारच्या निरोगी पेशींची केंद्रके तपकिरी आणि गाठीची सगळी केंद्रके निळी, असे ते दृश्य एकदा पाहिले की विसरता येत नाही. पुढे रक्ताच्या चाचणीने आनुवंशिक दोष पक्का झाला. मग बाईंच्या धाकट्या भावाची कोलोनोस्कोपी झाली आणि त्यांच्या आतड्यातले दोन पॉलिप कर्करोग होण्याआधीच काढले गेले.

हे चार रंग जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत होऊ शकतात. त्यासाठी शेकडो जनुकांचे पॅनेल लागत नाही. साठीच्या आतला रुग्ण असो, किंवा घरात आतड्याचा वा गर्भाशयाचा कर्करोग असो, वरच्या मूत्रमार्गाच्या गाठीवर हे चार रंग व्हायलाच हवेत असे माझे ठाम मत आहे. माझ्या प्रयोगशाळेत तर वय न पाहता ते प्रत्येक अशा गाठीवर केले जातात. या दुरुस्तीत दोष असलेल्या गाठी इम्युनोथेरपीला अनेकदा चांगला प्रतिसाद देतात, म्हणजे खुद्द रुग्णालाही याचा उपयोग आहे. मात्र त्याआधी एक वाक्य बोलावे लागते: "ताई, या चाचणीचा निकाल तुमच्या भावंडांना आणि मुलांनाही लागू होऊ शकतो, तुम्हाला तो हवा आहे का?" सुनेच्या माहेरचा दोष अशा शब्दांत हा निकाल घरात फिरू शकतो, हे आपण विसरता कामा नये. निकाल रुग्णाच्या हाती, तिच्या संमतीने, बंद खोलीत द्या.

कर्करोगतज्ज्ञांकडे माझी विनंती वेळेबाबत आहे. आजार पसरला आहे हे कळते त्याच आठवड्यात एफजीएफआर३ची चाचणी पाठवा. सगळी औषधे संपल्यावर पाठवलेल्या चाचणीचा निकाल कधी कधी तेराव्याला येतो. आणि काय विचारायचे ते आधी ठरवा. माझ्याकडे नातेवाईक पंचवीस पानांचे रंगीत रिपोर्ट घेऊन येतात. त्यात टर्ट आणि टीपी५३ या जनुकांची नावे ठळक अक्षरांत असतात, त्याखाली अर्थ न कळलेल्या बदलांची लांबलचक यादी असते. टर्टचा बदल मूत्राशयाच्या सुमारे सत्तर टक्के गाठींत असतो आणि आज त्याने औषध बदलत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते; "टीपी५३ पॉझिटिव्ह निघाले, आता काही खरे नाही" असे म्हणून ते रडत बसलेले मी पाहिले आहेत. चाचणी लिहिण्याआधी तीन गोष्टी बोलाव्यात अशी माझी अपेक्षा आहे: किती खर्च येईल, औषध ठरवणारा निकाल येण्याची शक्यता किती, आणि तसा निकाल आला तर ते औषध या कुटुंबाला कोणत्या मार्गाने मिळू शकेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर तेही सांगा. दागिने मोडून केलेल्या चाचणीनंतर औषध आवाक्याबाहेर आहे हे कळणे फार क्रूर असते.

याचा अर्थ गरीब रुग्णाची चाचणी करूच नये, असा मात्र काढू नका. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने अनेक रुग्णालयांची मागणी एकत्र करून चाळीस औषधांच्या किमती वाटाघाटींनी खाली आणल्या आहेत. एफजीएफआर३, चार दुरुस्ती प्रथिने आणि हर२ (पेशीच्या पृष्ठभागावरचे वाढीचे आणखी एक प्रथिन) एवढ्या मोजक्या चाचण्यांचे दरही याच रीतीने उतरवता येतील असे मला वाटते, पण त्यासाठी किती रुग्णांना त्या लागतात हे आकड्यांत सांगता आले पाहिजे. आपण विचारलेच नाही तर आकडा कुठून येणार? जगात २०२२ साली सहा लाखांहून अधिक लोकांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. आपल्या गाठींत कोणते बदल किती प्रमाणात आहेत, विडी ओढणाऱ्यांच्या गाठींत ते वेगळे आहेत का, हे आपल्याच ब्लॉकमधून वाचावे लागेल. पुण्यात इंडियन कॅन्सर जीनोम अॅटलासने स्तनाच्या कर्करोगापासून हे काम सुरू केले आहे. मूत्राशयाची पाळी येईल तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून नीट राखलेले ब्लॉक निघाले पाहिजेत.

आमचा माळा आता रिकामा केला आहे. जुने ब्लॉक वर्षवार लावून, पुसट आकडे रजिस्टरशी आणि काचांशी ताडून, तळमजल्यावरच्या एका थंड खोलीत लोखंडी कप्प्यांत ठेवले आहेत. हे काम आमच्या दोन तंत्रज्ञांनी चार महिने रविवारी येऊन केले. मूत्राशयाच्या आणि मूत्रमार्गाच्या प्रत्येक गाठीचा सर्वांत चांगला ब्लॉक हिरव्या चिठ्ठीने वेगळा केलेला आहे आणि तो मागितल्यापासून चोवीस तासांत देण्याची व्यवस्था आहे. ही आवराआवर करताना, जानेवारीत, तो तिसरा ब्लॉक सापडला. दुसऱ्या एका वर्षाच्या खोक्यात, भलत्याच ब्लॉकला चिकटलेला होता. मी त्या मुलीला फोन करून सांगितले. तिने थोडा वेळ काहीच उत्तर दिले नाही, मग म्हणाली, "मॅडम, टाकू नका. कुणाच्या अभ्यासाला उपयोग झाला तर वापरा, मी सही करून देते." तिची लेखी संमती आता त्या ब्लॉकसोबत ठेवलेली आहे.

आपली स्नेहांकित,
मराठवाड्यातील एक पॅथॉलॉजिस्ट